बेवारस दफनभूमी सांभाळायला परवाना द्यावा का?

तापीकाठ (रावेर): गावाबाहेर जुनी दफनभूमी आहे. शेवटचं दफन कधी झालं हे सांगणारं कोणी उरलं नाही. वेडी बाभूळ माजलीय, आणि थडग्यावरची एक शिळा तर मी एका न्हाणीत पाहिली. माझं म्हणणं, अशा जागा देखभालीसाठी परवानाधारक संस्थेकडे द्याव्यात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कायद्यानं काउंटीला (म्हणजे तिथल्या जिल्ह्याला) किंवा शहराला बेवारस दफनभूमीची निगा राखता येते, आणि जबाबदार मालक सापडला तर खर्चाचा दावाही लावता येतो.

भरीतवाला: भो, परवाना देखभालीचा अन् डोळा जमिनीवर! पहिल्या वर्षी कुंपण, दुसऱ्या वर्षी कुलूप, तिसऱ्या वर्षी गाळे.

तापीकाठ (रावेर): म्हणून तर नियम हवेत. सातबाऱ्यावर परवानाधारकाचं नाव चढायलाच नको, इतर हक्कातही नाही.

वकीलअण्णा, धुळे: आजचा कायदा लंगडा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २९७. दफनभूमीत घुसखोरी केली तर एक वर्षापर्यंत कैद. पण भावना दुखावण्याचा हेतू, किंवा त्या दुखावतील याची जाणीव सिद्ध करावी लागते. वारसच नाहीत तिथं कोणाच्या भावना? आरोपीचा वकील पहिल्यांदा हेच विचारेल. सार्वजनिक कब्रस्तानाची गोष्ट वेगळी. वापर थांबला तरी त्याचं वक्फपण, म्हणजे धर्मकार्याला कायमची दिलेली जागा असणं, जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७६ मध्येच सांगितलंय.

माहेरवाशीण: आम्ही गोसावी, आमच्यात समाधी देतात. पणजोबांची समाधी बांधाशी आहे आणि आम्ही सगळे पुण्यात. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही म्हणून ती बेवारस? आधी चावडीवर नोटीस लावा, पेपरात द्या, वर्षभर थांबा.

भरीतवाला: ताई, मी तेच म्हणतोय.

माहेरवाशीण: नाही भाऊ, तुम्ही परवानाच नको म्हणताय. मला तिथं झाडणारं कोणीतरी हवंय.

केळीबाग: पैसा कुठून? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत दफनाची जागा विकताना थोडा हिस्सा देखभाल निधीत टाकावा लागतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालतं. बंद पडलेल्या जागेत विक्रीच नाही, मग निधी कसला? आमच्या ग्रामपंचायतीकडे चालू स्मशानाच्या पत्र्यालाही पैसे नसतात.

तापीकाठ (रावेर): न्हाणीतली शिळा परत आणायला पैसे लागत नाहीत.

भरीतवाला: मग परवानाही लागत नाही. रविवारी कोयता घेऊन ये, मी येतो.

वकीलअण्णा, धुळे: जा, पण आधी तलाठ्याला लेखी कळवा. नाहीतर पहिलं ३०१ तुमच्यावरच लागायचं.