लॅटिनमधे पेरफिकिओ पण कलेफकिओ, असं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरीच लॅटिन शिकतेय आणि फकिओ म्हणजे 'करणे' याच्या जोडक्रियापदांत पार अडकलेय. पेर हा उपसर्ग अधिक फकिओ चं पेरफिकिओ (पूर्ण करणे) होतं, अ चा इ, कारण जुन्या लॅटिनमधे आघात पहिल्या अक्षरावर असायचा आणि मधला स्वर दबायचा, बंद अक्षरात (म्हणजे व्यंजनाने संपणाऱ्या) तोच ए होतो म्हणून पेरफेक्तुस (पूर्ण केलेलं), इथपर्यंत कळलं आणि संस्कृतचा धा धातू याच कुळातला आहे हे वाचून तर फारच भारी वाटलं. पण कलेफकिओ (तापवणे) मधे अ तसाच कसा राहिला? कर्मणी रूपही वेगळं, तिकडे पेरफिकिओर आणि इकडे कलेफीओ! कले हा उपसर्ग नाहीये, जोड उशिरा घट्ट झाली म्हणून का? सतिसफकिओ (समाधान करणे) पण याच गटात ना? प्लीज कुणीतरी उदाहरणं देऊन समजवा.