बीओटीमधलं 'वापरा' म्हणजे कोणी वापरायचं?

चौकस: बीओटीला, म्हणजे खाजगी कंपनीकडून सरकारी काम करून घ्यायच्या 'बिल्ड, ऑपरेट, ट्रान्सफर' पद्धतीला, मराठीत सगळीकडे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' असंच छापून येतं. परवा आमच्या गावच्या नव्या मार्केटच्या बोर्डावर आईने ते वाचलं आणि विचारलं, बांधणार पण तोच आणि वापरणार पण तोच, मग आपण काय करायचं? मला काही सांगता येईना. ऑपरेट म्हणजे चालवणं ना? आणि पीपीपीला, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनीच्या 'पब्लिक-प्रायव्हेट पार्टनरशिप'ला, 'भागीदारी' बरोबर की 'सहभाग'?

वाटसरू: आईंनी बरोबर पकडलंय. खानावळ चालवणारा वेगळा, जेवणारा वेगळा. रस्ता आपण वापरतो, कंपनी तो चालवते, म्हणजे डागडुजी करते, टोल घेते आणि मुदत संपली की सरकारला परत देते. मी तर सरळ 'बांधा, चालवा, सोपवा' लिहितो.
भागीदारीचं म्हणाल तर आपल्याकडे भागीदार म्हटलं की नफ्यातोट्यात दोघं आले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोला, 2014 ला सुरू झाली ती, हा शब्द शोभतो, कारण तिच्या कंपनीत एमएमआरडीए या सरकारी संस्थेचाच 26 टक्के वाटा होता. पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे बघा, बांधला एमएसआरडीसी या सरकारी महामंडळाने, आणि 2004 मध्ये तो आणि जुना हायवे मिळून 15 वर्षांची टोलवसुली 918 कोटी आगाऊ घेऊन खाजगी कंपनीला दिली. याला आपला जुना शब्द आहे, मक्ता! दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते असेच द्यायचे, सरकारला रक्कम ठरवून द्यायची आणि मग रयतेकडून वसूल करत बसायचं.

शब्दवेडी: मक्ता आवडला, पण सगळीकडे नाही बसणार. हायवेच्या 'हॅम' (हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल) पद्धतीत काम चालू असतानाच सरकार 40 टक्के देतं, बाकीचा पैसा कंपनी उभा करते आणि तो तिला पुढे 15 वर्षं हप्त्याहप्त्याने मिळतो, टोल मात्र सरकारकडे जातो. तिथे कसला मक्ता, तिथे उधारीचं बांधकाम म्हणा.
मला जास्त खटकतो तो 'सवलत करार'. कन्सेशनचं मराठी म्हणून कोणीतरी सवलत घातलं, पण सवलत म्हणजे आपल्याला एसटीचं अर्धं तिकीट आठवतं. इथे तर सरकार कंपनीला रस्ता चालवायचा आणि त्यावर पैसे घ्यायचा हक्क देतात, इतकी मोठी गोष्ट, मग 'हक्क करार' म्हणायला काय हरकत आहे? आणि ते 'पीपीपी तत्त्वावर' पण नको, पैसे उभे करायची पद्धत आहे ती, तत्त्व कसलं.

चौकस: दोघांचे आभार. आईला 'चालवा, सोपवा' सांगितलं, लगेच पटलं. मग म्हणाली, सोपवणार कधी? बोर्डाचा फोटो मोठा करून बघितला, किती वर्षांनी ते कुठेच लिहिलेलं नाही.