खारी जाळ आणि मीठी जाळ

जैसलमेरकडच्या खारी जाळ आणि मीठी जाळ या दोन्ही झुडपांना आपण सरसकट 'पिलू' म्हटले आहे आणि फळांवाचून ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येणार नाहीत असेही लिहिले आहे. मला मात्र पाने पुरेशी वाटतात. स्थानिक लोक ज्याला मीठी जाळ म्हणतात, त्याची पाने अरुंद, लांबट, जाडसर आणि निळसर राखाडी छटेची असतात, तर खाऱ्या जाळीची पाने रुंद, लंबगोल, मांसल आणि अधिक हिरवी दिसतात व चावल्यास मोहरीसारखी झणझणतात. ज्याच्या काड्या दातवणाला वापरतात ते पिलू म्हणजे ही खारी जाळच, आणि आपल्या कोकणातल्या खाड्यांकाठीही ते आढळते. केवळ रंगावर मात्र विसंबू नये, कारण धूळ बसलेले कोणतेही पान राखाडीच दिसते. आधी पानाची रुंदी पाहावी.