'ड्यू डिलिजन्स'ला मराठीत काय म्हणावं?

रामबागेतून प्रश्न
आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेसाठी सीएंच्या जबाबदारीवर मराठीत टिपण करतोय. सनदी लेखापाल अधिनियम, 1949 च्या दुसऱ्या अनुसूचीत, पहिल्या भागात सातवी बाब आहे: व्यावसायिक काम करताना 'ड्यू डिलिजन्स' न ठेवणं किंवा 'ग्रॉस निग्लिजन्स' हे गैरवर्तन. हिंदी कायद्यांत पहिल्याला 'सम्यक् तत्परता' म्हणतात. मी 'योग्य तत्परता' लिहू का?

लोकमान्य नगरातून
नका लिहू, दादा. इंदुरात आपल्या बोलण्यात हिंदी शब्द येतातच, त्याचं मला वावडं नाही. पण मराठीत तत्पर म्हणजे चटकन कामाला लागणारा. 'ऑडिटर तत्पर आहेत' असं वाचलं की सभासदांना वाटेल, रिपोर्ट वेळेत मिळाला. कायदा विचारतोय ते वेगळंच: सही करण्याआधी काय काय पाहिलंत?

मुदतठेवींचंच घ्या. ताळेबंदात ठेव दाखवलेली असते, हिशेबनीस पावतीची झेरॉक्स पुढे करतो. तिच्यावर बरोबरची खूण करून पुढचं पान उलटता येतं. पण काळजीने काम करणारा ऑडिटर मूळ पावती मागतो, तिच्यावर कर्ज तर उचललेलं नाही ना ते बघतो. शिवाय बँकेकडून 31 मार्चच्या शिलकेचं पत्र थेट स्वतःच्या ऑफिसात मागवतो, संस्थेच्या माणसाने हाती आणून दिलेल्यावर भागवत नाही. या चिकाटीला मराठीत नेमका शब्द आहे: साक्षेप. 'साक्षेपी संपादक' आपण म्हणतोच की!

सुदामा नगरातून
साक्षेप सुंदर आहे, पण माझ्या मुलांना कळणार नाही. 'दक्षता' का नको? आणि जमीन घेताना वकील करतात तेही ड्यू डिलिजन्सच ना?

लोकमान्य नगरातून
जमिनीचं किंवा कंपनी विकत घेतानाचं, ते एक काम असतं, त्याला 'पूर्वतपासणी' चालेल. इथे तो काम करण्याचा गुण आहे. दक्षता म्हटलं की दक्षता समिती आठवते, दुसऱ्यावर नजर ठेवणारी. तरी साक्षेप जड वाटत असेल तर 'योग्य ती काळजी' लिहा, ताई. साधं आहे आणि चुकीचं नाही.

महत्त्वाचं पुढेच आहे. 'ड्यू डिलिजन्स न ठेवणं' आणि 'ग्रॉस निग्लिजन्स' या दोन्हींना मिळून एकच 'निष्काळजीपणा' हा शब्द वापरू नका. आधी या बाबीत फक्त घोर निष्काळजीपणा होता, 2006 च्या दुरुस्तीने ड्यू डिलिजन्सचे शब्द आले. म्हणजे कसूर घोर नसली, तरी योग्य काळजी घेतली नाही एवढ्यावरही सीएला जाब द्यावा लागू शकतो. सभासदांचे पैसे ज्या कागदावर विसंबून आहेत, तिथे हा फरक अनुवादात हरवणं मला सहन होत नाही. ग्रॉस निग्लिजन्सला 'घोर हयगय' म्हणा. हयगय आपल्या कायद्याच्या मराठीत रुळलेला शब्द आहे, आजीच्या तोंडीही असायचा.

तिलक नगरातून
काका, एक जोडा. सभेत लोक म्हणतात, रिपोर्टवर यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा 'युनिक डॉक्युमेंट आयडेंटिफिकेशन नंबर') आहे, मग झालं. तो 18 अंक-अक्षरांचा क्रमांक ऑडिट रिपोर्टवर 1 जुलै 2019 पासून सक्तीचा आहे. त्यावरून कागद खरोखर एखाद्या सीएने दिलाय की नाही हे ताडून बघता येतं. आत तपासणी कशी झाली, हे त्यातून कळत नाही. त्याला 'प्रमाणित' म्हणू नका, 'ओळख क्रमांक' म्हणा.

रामबागेतून
मग असं लिहितो: 'काम करताना योग्य ती काळजी न घेणे, किंवा घोर हयगय करणे, हे व्यावसायिक गैरवर्तन होय.'

लोकमान्य नगरातून
छान. फक्त 'काम' च्या आधी 'व्यावसायिक' हवं, मूळ मजकुरात ते आहे. आणि 'किंवा' ठळक छापा.