मदत हवी आहे: लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, आता गाडी डोलते. सोबत कुठले शॉकप घेऊ?

विक्रोळीचा_पोलोवाला

नमस्कार मंडळी,

गाडी पोलो, १.२ पेट्रोल, २०१६ची, ७४,००० किमी झालेली. शॉकप चारही कंपनीतून आलेलेच, कधी बदललेले नाहीत. जूनच्या सुरुवातीला चारही चाकांना लोअरिंग स्प्रिंग टाकल्या. हौस म्हणाल तर एवढीच, की टायर आणि मडगार्डच्या कमानीमधली ती पोकळी बघून बघून कंटाळलो होतो. रस्त्याला चिकटवायची वगैरे नव्हती. बसवणारा म्हणाला, "३५ मिमी खाली येईल, शॉकपला हात लावायची गरज नाही." मी चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेप लावला तर पुढे ३८ आणि मागे ३० मिमी उतरलीय.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. आता ईस्टर्न फ्रीवेवर सांधा लागला की गाडी एकदा उडते आणि मग दोन-तीन झोके घेत राहते. चौघं बसलेले असले की सोसायटीच्या गतिरोधकावर पुढून "ठक्क" असा कोरडा आवाज येतो. आई म्हणते, भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसल्यासारखं वाटतं. तिला आता पुढची सीटही नको असते.

तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, कंपनीचेच नवे टाका. एक मित्र म्हणतो बिल्स्टाइन कंपनीचे बी६, दुसरा म्हणतो त्यांचेच बी८. शिवाय एक जण कोनी कंपनीचे पिवळे शॉकप सेकंडहँड देतोय. गणपतीला महिना राहिलाय. आम्ही चौघं, सामान, मखर, सगळं घेऊन गुहागरला जातो. तोवर काहीतरी ठरवायचंय. कुठला ब्रँड घेऊ?

गिरगावकर७८

जुन्या स्प्रिंग कुठे आहेत? बसवणाऱ्याकडेच सोडून आला असाल तर आधी जाऊन घेऊन या.

विक्रोळीचा_पोलोवाला

घरी आणल्या होत्या. माळ्यावर असतील कुठेतरी.

फुलटू_राडा

एवढा खर्च कशाला केलात राव. आमच्या इथे जुन्याच स्प्रिंगची एक कॉइल कापून देतात, अर्ध्या तासाचं काम. माझी तीन वर्षं चालतेय.

परळचा_पान्हा

राडा, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. माझी हयात गॅरेजात गेली. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही, फिरतं, आणि एक दिवस खड्ड्यात चाक लटकलं की जागा सोडतं. त्यातून गॅसने तापवून कापली असेल तर तिथलं पाणीच उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. सहा कॉइलमधली एक काढली की उरलेल्या पाच तेवढ्याने कडक होतात, म्हणजे सुमारे २० टक्के. तुमची तीन वर्षं चालली, देवाची कृपा.

नटबोल्ट

पोलोवाले, तुम्ही ब्रँड विचारताय, पण तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही त्यांना एकच समजताय. झोके हे एक. "ठक्क" हे दुसरं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

झोक्यांचं आधी बघू. स्प्रिंग वजन तोलते, शॉकप हालचाल मारतो. दाबलेली स्प्रिंग जेवढा जोर साठवते तेवढा उलटताना परत देते, आणि तो परतीचा जोर जिरवणं हे शॉकपचं मुख्य काम. याला रिबाउंड म्हणतात. लोअरिंग स्प्रिंग आखूड असतेच, पण कडकही असते, कारण असलेल्या कमी जागेत तेवढाच धक्का पेलायचा असतो. समजा ती ३० टक्के कडक आहे. मग आधीच्या जातीचा आवर हवा असेल तर शॉकपचा जोर १.३ च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे साधारण १४ टक्के वाढायला हवा. ऐकायला फार नाही. नवा, निरोगी शॉकप हे ओढूनताणून सांभाळून नेतो. पण तुमचे ७४,००० किमी चाललेत आणि तेही मुंबईत. त्यांच्याकडे मुळातच १४ टक्के कमी असतील, त्यात वरून १४ टक्के जास्त मागताय. बसवणारा अगदीच खोटं बोलला नाही. नव्या गाडीला त्याचं वाक्य कदाचित चाललं असतं.

(कोपरा दाबून सोडायचा आणि झोके मोजायचे, ती परीक्षा मनावर घेऊ नका. तिच्यात फक्त पार मेलेला शॉकप सापडतो, अर्धमेला पास होतो.)

आता "ठक्क". शॉकपच्या दांड्यावर वर एक फोमचा ठोकळा असतो, बंप स्टॉप. गाडी पूर्ण दबली की शॉकपचं अंग त्याला जाऊन भिडतं. तो निव्वळ शेवटचा अडसर नाही, ती दुसरी स्प्रिंगच आहे, भिडली की एकदम कडक होणारी. तुम्ही पुढून ३८ मिमी गाडी बसवली, म्हणजे उभ्या गाडीतच शॉकपचं अंग त्या ठोकळ्याच्या ३८ मिमी जवळ गेलं. मूळचं अंतर किती होतं आणि आता किती उरलंय, ते मोजल्याशिवाय कुठल्याही शॉकपवर पैसे टाकू नका.

मोजणं फुकट आहे. पुढे शॉकप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात, तो स्ट्रट. त्याचा रबरी बूट वर सरकवा, दांड्याला एक झिप टाय बांधा आणि खाली सीलला टेकवून ठेवा. मागे तुमच्या गाडीला शॉकप आणि स्प्रिंग वेगवेगळे आहेत, तिथे हे आणखी सोपं. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी असताना सीलपासून बंप स्टॉपच्या खालच्या कडेपर्यंत किती मिमी आहे ते लिहून ठेवा. मग रोजच्या रस्त्याने फिरून या. टाय जितका वर ढकलला गेला तितका शॉकप दबला. आधी एकट्याने करा, मग चौघांना बसवून. आकडे इथे टाका, पुढचं बोलू.

सावकाश_जा

कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. कंपनीच्या मूळ मापांत बदल केलेली गाडी चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघाताच्या वेळी विमा कंपनीने हाच मुद्दा काढला तर वाद घालत बसाल.

विक्रोळीचा_पोलोवाला

सावकाशराव, घरून हेच ऐकतोय, आता इथूनही. मान्य आहे. पण आत्ता गाडी आहे त्यापेक्षा सुरक्षित कशी करायची तेवढं सांगा.

नटबोल्ट, रविवारी पुतण्याला हाताशी घेऊन मोजतो. तोवर एक सांगा, बी६ आणि बी८ मध्ये फरक काय? फोटोत सारखेच दिसतात.

नटबोल्ट

लांबीचा. बी६ मूळ मापाचा, मूळ स्प्रिंगसाठी. बी८ आखूड केलेला, लोअरिंग स्प्रिंगसाठी. बी८ आणि आयबाख कंपनीच्या स्प्रिंगची जोडी एकत्र मिळते तिला बी१२ म्हणतात. दोघांतही एकनळी, जास्त दाबाचा गॅस, घाटात तापल्यावरही ढिले पडत नाहीत.

आखूडपणाचा फायदा दोन्ही टोकांना. खालच्या बाजूला बंप स्टॉप उशिरा भिडतो. वरच्या बाजूला, चाक खड्ड्यात लटकलं की शॉकप लवकर संपतो, म्हणून आखूड स्प्रिंग बैठकीत सैल पडत नाही. हे तुमच्या आत्ताच्या जोडीतही तपासा. जॅक लावून चाक पूर्ण लटकवा आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. खुळखुळली तर तशी गाडी हायवेला काढू नका.

कोनीच्या पिवळ्यांना रिबाउंड घट्ट करता येतो, त्यामुळे कडक स्प्रिंगशी जुळवून घेता येतं. वस्तू उत्तम. पण सेकंडहँड घेताना तो नक्की कुठल्या गाडीचा आहे ते त्याच्यावरच्या पार्ट नंबरावरून बघा. फोक्सवॅगनमध्ये स्ट्रटच्या नळीचा व्यास बदलतो, गोल्फमध्येच ५० आणि ५५ मिमी अशी दोन मापं आहेत. "व्हीडब्ल्यूचा आहे, बसेल" या भरवशावर पैसे देऊ नका.

परळचा_पान्हा

माझ्या बाजूने तीन गोष्टी, कारण शॉकप कुठलेही घ्या, बसवताना लोक हे चुकवतात. पुढचा स्ट्रट उघडलाच आहे तर टॉप माउंट (स्ट्रट वर बॉडीला बसतो ती बैठक), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि बूट नवे टाका. मजुरी एकदाच पडते. दुसरं, लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर कसायचे. बुशचं रबर लोखंडाला चिकटवलेलं असतं. लटकत्या गाडीत कसलं की गाडी खाली आली तरी ते कायम पिळलेलंच राहतं, आणि वर्षभरात फाटतं. गाडी खाली बसवल्यावर तुमच्याकडे हे बोल्ट सैल करून पुन्हा कसले होते का? विचारा. बहुतेक नसतील.

तिसरं अलाइनमेंट. केलंत ना?

विक्रोळीचा_पोलोवाला

नाही केलं. "नंतर करू" म्हणालो आणि पाऊस सुरू झाला.

परळचा_पान्हा

मग पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. गाडी उतरली की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो, आणि आतून टायर खायला तोच पुरेसा आहे. बाहेरून बघाल तर नवा दिसेल. हेडलाइटचा रोखही बघून घ्या.

विक्रोळीचा_पोलोवाला

आकडे घेऊन आलो. चिखलाने माखलो, पुतण्या खूश.

पुढे उभ्या गाडीत मोकळी जागा १९ मिमी. एकट्याने विक्रोळी ते अंधेरी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून जाऊन आलो, तर टाय २६ मिमी वर. म्हणजे एकटा असतानाही ठोकळ्याला भिडून ७ मिमी आत घुसली?

मागे एकट्याने ३४ मिमी मोकळी. चौघं बसलो आणि डिकीत तांदळाची दोन पोती टाकली (गुहागरचं सामान म्हणून), तर उभ्या गाडीतच ६ मिमी उरली. स्प्रिंग मात्र लटकवून हलवल्या, सैल नाहीत.

टायरची आतली कड: पान्हासाहेब, तुम्ही बरोबर होतात.

नटबोल्ट

छान मोजलंत. पुढे मूळची १९ अधिक ३८, म्हणजे ५७ मिमी होती. तुम्ही दोन तृतीयांश जागा विकून टाकलीत. म्हणजे रोजच्या प्रवासातही गाडी अधूनमधून फोमवर बसतेय. तो झोका आणि तो ठक्क, दोन्हींत त्या फोमचा हात आहे. त्याच्यावरून गाडी उसळते आणि थकलेला शॉकप ती उसळी धरू शकत नाही.

बी८ घेतलात तर पुढचं दुखणं बरंचसं जाईल. पण मागचा आकडा नीट बघा. ३४ चे ६ झाले ते वजनाने. शॉकप वजन उचलत नाही. जगातला सगळ्यात महाग शॉकप लावलात तरी चौघं आणि दोन पोती गाडीला तेवढंच बसवणार. आखूड अंगामुळे थोडी जागा मिळेल, पण मग पुढचा प्रश्न टायर आणि कमान एकमेकांना भेटण्याचा. ६ मिमीवर तुम्ही मुंबई-गोवा महामार्गाने जाणार, ऑगस्टमध्ये. मी तरी आईला त्यात बसवणार नाही.

एकट्यादुकट्याने फिरणारा असता तर सरळ सांगितलं असतं, बी८ घ्या आणि विसरा. तुम्ही वर्षाचे आठ-दहा दिवस गाडी गच्च भरता. तुम्हाला जुन्या स्प्रिंग आणि बी६ ही जोडी लागेल. कमानीतली पोकळी परत येईल, ते दुःख आहे. पण गाडी घट्ट वाटण्यातलं निम्मं काम शॉकपचं असतं, स्प्रिंगचं नव्हे. आणि बी६ चा खर्च आत्ता जड असेल तर तुमचा मेकॅनिक म्हणतो तेही चुकीचं नाही. जुन्या स्प्रिंगवर कंपनीचे नवे चार शॉकप टाकून बघा, नवी असतानाची गाडी परत भेटेल.

सावकाश_जा

आणि कलम ५२ चाही प्रश्न मिटेल. बी६ ची पावती तेवढी जपून ठेवा.

विक्रोळीचा_पोलोवाला

ठरलं. गणपतीआधी जुन्या स्प्रिंग, कंपनीचे नवे शॉकप, टॉप माउंट आणि अलाइनमेंट. बोल्ट चाकं टेकवून कसायला मी स्वतः उभा राहणार आहे. बी६ दिवाळीनंतर बघू.

फक्त जुन्या स्प्रिंग माळ्यावर नव्हत्या. गॅलरीत सापडल्या. आईने दोन उभ्या करून त्यांच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय, दोनवर मनी प्लांट. काढू देत नाहीये. तिला बदल्यात नव्या चार दिल्या तर आता म्हणते, या बुटक्या आहेत.