मदत हवी आहे: माळ्यावर सापडलेलं लाकडी लढाऊ जहाज गुराब आहे का?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं एक लाकडी जहाज मिळालं. लांबी सव्वादोन फूट. आजी त्याला 'गलबत' म्हणायची, घरात त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. पण गलबत वल्ह्यांवरही चालायचं, आणि याला वल्ह्यांची जागाच नाही. दोन्ही अंगांना सात-सात तोफांच्या खिडक्या आहेत. डोलकाठ्या तीन, मागची मोडलेली. शिडं गेली, दोर हात लावताच सुटतात.

खरी गंमत नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे आहे. नाळ लांब, निमुळती, पाण्यावर झेपावलेली. तिच्यामागच्या आडव्या भिंतीला दोन भोकं, आणि त्यांतून दोन पितळी तोफा सरळ पुढे रोखलेल्या. तोंड जेमतेम तुरीच्या दाण्याएवढं, पण आतून नीट कोरलेलं! असा पुढे मारा करणाऱ्या तोफा ही गुराबेची, म्हणजे मराठा आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाची खूण, म्हणून मला आधी आंग्र्यांचं आरमारच डोळ्यांपुढे आलं.

अडलंय ते तळाशी. तिथे तांब्याचे पातळ पत्रे एकावर एक चढवून बारीक चुकांनी (लहान खिळ्यांनी) ठोकलेत. विजयदुर्ग पडला १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांची जहाजं तेव्हाच जळाली. इंग्रजी आरमाराने तळाला तांबं लावून पाहिलं ते १७६१ मध्ये. पत्रे मुळातले असतील तर हा नमुना तुळाजी आंग्र्यांच्या वेळचा नसणार. मग पुढे पेशव्यांचं आरमार सांभाळणाऱ्या धुळपांच्या वेळचा असेल का? आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं, म्हणजे तोवर इथे आरमार चांगलं जागतं होतं. की मुंबईच्या गोदीत राबून आलेल्या एखाद्या सुताराने पुढे कधी हौसेने केलं असेल?

पत्रे मागाहून ठोकलेत का, हे चुकांवरून किंवा खालच्या लाकडावरून ओळखता येतं का? सुकाणूला चाक नाही, नुसता दांडा आहे. त्यावरून काळ ठरवता येईल का?

चुलतभाऊ पॉलिश करायला निघाला होता, त्याला हात लावू दिला नाही. मोडलेली डोलकाठी आणि गळून पडलेल्या चुका डब्यात जपून ठेवल्यात. विकायचं अजिबात नाही.

उद्या सकाळच्या उजेडात फोटो काढून टाकते. कुठल्या बाजूचे जवळून हवेत ते सांगा.