‘सेल्फ-रेग्युलेशन’ला मराठीत काय म्हणाल?

गंगापूर रोड : मुलगा साडेचार वर्षांचा. गणपतीत ढोल सुरू झाला की कान दाबून जमिनीवर लोळण घेतो, ढोल थांबल्यावरही अर्धा तास रडतो. (नाशकात राहून ढोलापासून पळणार कुठे!) ऑक्युपेशनल थेरपी लावलीय. मॅडमनी फाइलवर ‘सेल्फ-रेग्युलेशन’ असं लिहिलंय. सासूबाईंना मी ‘आत्मसंयम’ असा अर्थ सांगून बसले. तेव्हापासून त्या ‘संयम ठेव रे बाळा’ म्हणतात आणि तो आणखीच किंचाळतो. दुसरा शब्द आहे का?

पंचवटीकर : स्वनियमन.

सिन्नरचे मास्तर : त्याने काय फरक पडणार? ‘संयम’ आणि ‘नियमन’ दोन्ही ‘यम्’ धातूतले. उपसर्ग बदलला, लगाम तोच. मला तर ‘नियमन’ म्हटलं की द्वारका चौकातला वाहतूक पोलीसच दिसतो. ताई, ‘सावरणं’ घ्या. ‘आईनं बाळाला सावरलं’ आणि ‘बाळ सावरलं’, एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं. ‘आवरणं’ त्याचं भावंड, पण ‘आवर!’ हा हुकूम आहे. सावरायला जाणारा आधी हात पुढे करतो.

म्हसरूळ : मी याच थेरपीच्या कामात आहे. मास्तर, तुमच्या व्याकरणाचा क्रम आमच्या कामाचाही आहे. आधी मोठ्या माणसानं सावरायचं, तसं पुष्कळदा झालं की मूल हळूहळू स्वतः सावरू लागतं. साडेचार वर्षांच्या मुलाला भर आकांतात उपदेश पोचत नाही. अमेरिकेतल्या जीन एअर्स या थेरपिस्टनं 1972 च्या आपल्या पुस्तकात शरीराच्या संवेदनांची मेंदूत सांगड कशी बसते, ते मांडलं. म्हणून आम्ही झोका देतो, भिंत ढकलायला लावतो, जड पिशवी उचलायला देतो. स्नायू-सांध्यांवर दाब आला की बरीच मुलं निवतात. सगळी नाही, झोक्यानं काहींना उलट मळमळतं. हे बक्षीस म्हणून द्यायचं नसतं आणि रडू फुटल्यावरच सुरू करायचं असंही नाही. ढोल येणार हे ठाऊक असेल तर आधीच करा.

जाता जाता एक गंमत. ‘व्यवसायोपचार’ (म्हणजे ही ऑक्युपेशनल थेरपीच) म्हटलं की लोक विचारतात, एवढ्याशा पोराला कसला व्यवसाय? खेळणं, जेवणं, शर्टाची बटणं लावणं, हाच की.

गंगापूर रोड : काल सासूबाईंनी मिरवणुकीआधी त्याला कणकेचा मोठा गोळा मळायला दिला. मग मांडीत घट्ट धरून बसल्या. रडला, पण दहा मिनिटांत सावरला. आता उलट अवस्थेला काय म्हणू? मॅडम ‘डिसरेग्युलेटेड’ म्हणतात. ‘बिथरला’?

पंचवटीकर : बिथरतो तो बैल!

सिन्नरचे मास्तर : सासूबाईंनाच विचारा ना.

गंगापूर रोड : विचारलं. म्हणाल्या, ‘त्यात काय अवघड? लेकरू कासावीस होतं.’